मूत्रस्रावी व्रण ते श्रोणितल : एका व्याधीच्या ज्ञानाचा इतिहास आणि रुग्णेची साक्ष

१

वैद्यकाच्या इतिहासात शस्त्रवैद्यांची नावे आणि शस्त्रक्रियांची वर्षे एका ओळीत मांडली की काम पुरे झाले, असे मानण्याकडे अभ्यासकांचा कल असतो. ज्या व्याधींनी माणसे मरतात त्यांच्या बाबतीत या मांडणीला निदान दप्तरांचा आधार मिळतो. मृत्यूची नोंद राज्यसंस्था ठेवते, म्हणून पटकी किंवा प्लेग यांचा इतिहास सरकारी कागदांवरून बऱ्याच अंशी लिहिता येतो. परंतु जी व्याधी जीव घेत नाही, केवळ जगणे अवघड करते, आणि जिचा उच्चार करण्याचीच रुग्णाला लाज वाटते, तिचा इतिहास कोणत्या साधनांवर उभारावयाचा? स्त्रियांमधील अनैच्छिक मूत्रस्राव ही अशी व्याधी होय. तिच्याविषयी जे लिहिले गेले ते बहुतेक उपचार करणाऱ्यांनी लिहिले. जिने ती भोगली तिचे म्हणणे उपचार करणाऱ्याच्या लेखणीतून आले, किंवा मुळीच आले नाही.

या व्याधीच्या ज्ञानाचे स्थूलमानाने तीन टप्पे पडतात. पहिल्या टप्प्यात ती एक जखम मानली गेली : मूत्राशयाला पडलेले छिद्र, जे शिवून बंद करावयाचे. दुसऱ्या टप्प्यात ती मूत्रमार्गाच्या द्वाराचा दोष ठरली : सैल झालेली झडप, जी आवळावयाची. तिसऱ्या टप्प्यात लक्ष द्वारावरून त्याखालच्या आधाराकडे, म्हणजे ओटीपोटाचा तळ सावरून धरणाऱ्या स्नायूंच्या पटाकडे गेले. या पटाला शारीरशास्त्रात श्रोणितल म्हणतात. हे तीन टप्पे सर्वपरिचित आहेत. त्यांच्या आड एक दुसरा प्रश्न सतत वावरत आला आहे आणि त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. या व्याधीत साक्ष कोणाची धरावयाची? व्याधी आहे हे कोण ठरविणार, ती का आहे हे कोण ठरविणार, आणि ती बरी झाली हे कोण ठरविणार? प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाच्या अनुरोधाने पहिल्या इतिहासाचा मागोवा घ्यावयाचा आहे.

२

व्याधीची सर्वांत जुनी उपलब्ध साक्ष लिखित नसून शारीर आहे. ईजिप्तच्या अकराव्या राजवंशातील राजा दुसरा मेंतुहोतेप याच्या परिवारातील हेन्हेनित नावाच्या स्त्रीचा जतन केलेला देह देर-अल-बहारी येथील उत्खननात सापडला. तिचा काळ इ. स. पूर्व सुमारे २०५० हा धरला जातो. कैरो येथील शारीरशास्त्रज्ञ डग्लस डेरी यांनी या देहाच्या श्रोणीची तपासणी केली. मूत्राशय व योनिमार्ग यांच्यामध्ये मोठे छिद्र असल्याचे आणि श्रोणी अरुंद असल्याचे त्यांनी १९३५ साली प्रसिद्ध केले. अडलेल्या प्रसूतीचाच हा परिणाम असावा, असा तर्क त्यावरून करण्यात आला. चार हजार वर्षांपूर्वीची राजपरिवारातील स्त्रीही या आपत्तीतून सुटलेली नव्हती, एवढे त्यावरून दिसते.

भारतीय वैद्यकात या विषयाचा विचार तीन वेगवेगळ्या स्थळी आढळतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातवा अध्याय शरीराचे स्वाभाविक वेग अडवू नयेत या विषयाला वाहिलेला आहे, आणि त्या वेगांत मूत्राच्या वेगाची गणना आहे. तथापि तेथील चिंता वेग बळाने रोखल्याने होणाऱ्या विकारांची आहे. वेग रोखताच न येणे हा त्या अध्यायाचा विषय नव्हे. दुसरे स्थळ योनिव्यापदांचे. चरकाने चिकित्सास्थानात व सुश्रुताने उत्तरतंत्रात प्रत्येकी वीस योनिव्यापदे सांगितली आहेत. त्यांतील चरकोक्त महायोनी आणि सुश्रुतोक्त प्रस्रंसिनी यांच्या वर्णनांत अवयव सैल होणे व स्थानभ्रष्ट होणे या लक्षणांचा निर्देश आहे. आधुनिक रोगनामांशी त्यांची नेमकी सांगड घालणे धाडसाचे ठरेल. परंतु ओटीपोटातील अवयवांना काही आधार असतो व तो सुटू शकतो, ही जाणीव त्यांत निश्चित आहे.

तिसरे स्थळ या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील सातव्या अध्यायात मूतखडा शस्त्राने काढण्याचा विधी आहे. तेथे ग्रंथकार बजावतो की स्त्रियांमध्ये गर्भाशय बस्तीच्या निकट असतो, सबब त्यांच्या बाबतीत शस्त्र विशिष्ट रीतीनेच चालविले पाहिजे. अन्यथा मूत्रस्रावी व्रण होतो. या सूचनेत दोन गोष्टी लक्षणीय आहेत. एक, मूत्राशय व जननमार्ग यांच्या सान्निध्याचे अचूक ज्ञान. दुसरी, ही व्याधी वैद्याच्या हातूनही उद्भवू शकते, याची स्पष्ट कबुली. उपचारातून निर्माण होणाऱ्या अपायाची अशी पूर्वसूचना या व्याधीच्या पुढील इतिहासात फार क्वचित आढळते, हे पुढे दिसून येईल.

पुढे अकराव्या शतकात इब्न सिना यांनी आपल्या 'अल्-कानून' या ग्रंथात कोवळ्या वयाच्या स्त्रियांना गर्भधारणेपासून जपावे, असे सुचविले. प्रसूतीत मूत्राशय फाटून मूत्र अनावर वाहू लागण्याचा आणि ती अवस्था मरेपर्यंत टिकण्याचा धोका त्यांनी त्याचे कारण म्हणून दिले. प्राचीन व मध्ययुगीन वैद्यकाची मजल येथवर होती. कारण ठाऊक होते, प्रतिबंध ठाऊक होता. उपाय मात्र नव्हता.

३

हे छिद्र कसे पडते, हे समजून घेतल्याखेरीज पुढील इतिहासाचे मर्म ध्यानात येणार नाही. बाळाचे डोके श्रोणीत अडकून प्रसूती दिवसच्या दिवस खोळंबली, म्हणजे डोके आणि अस्थी यांच्या कचाट्यात मूत्राशयाची व योनिमार्गाची भित्ती दबून राहते. तिचा रक्तपुरवठा तुटतो. तेवढा भाग मृत होऊन काही दिवसांनी गळून पडतो आणि तेथे मार्ग होतो. वैद्यकीय परिभाषेत याला मूत्राशय-योनी नाडीव्रण म्हणतात. बाळ बहुधा मृत जन्मते. माता वाचली तर तिचे मूत्र अहोरात्र झिरपत राहते. कातडी सोलवटते, दुर्गंधी येते, आणि समाज तिला दूर ठेवतो.

छिद्र शिवण्याची कल्पना नवी नव्हती. ॲमस्टरडॅमचे हेंड्रिक फान रोनहाउझ यांनी १६६३ साली तिची पद्धतशीर मांडणी केली आणि बाझलचे योहान फाशियो यांनी १६७५ साली त्या पद्धतीने शस्त्रक्रिया केली. अमेरिकेत व्हर्जिनियाचे जॉन पीटर मेटॉअर यांनी १८३८ साली शिशाच्या तारेचे टाके घालून यश मिळविले. असे असूनही या शस्त्रक्रियेचा जनक म्हणून ज्यांचे नाव रूढ झाले ते जेम्स मॅरियन सिम्स हे होत. याचे कारण असे की विखुरलेल्या यशाचे रूपांतर त्यांनी शिकविता येण्याजोग्या पद्धतीत केले.

सिम्स हे अलाबामा राज्यातील मंटगमेरी येथे वैद्यकी करीत. १८४५ ते १८४९ या काळात त्यांनी घराच्या आवारातील लहानशा रुग्णालयात सुमारे डझनभर गुलाम स्त्रियांना ठेवून घेतले. त्यांपैकी तिघींचीच नावे त्यांच्या आत्मचरित्रातून उरली : अनार्का, बेट्सी आणि ल्यूसी. मालकांशी झालेल्या कराराप्रमाणे या स्त्रियांच्या पोषणाचा खर्च सिम्स यांच्याकडे होता. कपडे व कर मालकांकडे. पहिली शस्त्रक्रिया ल्यूसी यांच्यावर स्थानिक वैद्यांच्या समक्ष झाली. मूत्राच्या निचऱ्यासाठी बसविलेल्या स्पंजामुळे पुढे त्यांना इतका तीव्र संसर्ग झाला की त्या मरता मरता वाचल्या. अनार्का यांच्यावर सुमारे तीस शस्त्रक्रिया झाल्या. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल दिली जात नसे. नंतर अफू दिली जाई. १८४९ च्या उन्हाळ्यात चांदीच्या तारेचे टाके घालून छिद्र मिटले आणि १८५२ च्या जानेवारीत 'अमेरिकन जर्नल ऑफ द मेडिकल सायन्सेस' या नियतकालिकात ती पद्धत प्रसिद्ध झाली. १८५५ साली न्यूयॉर्क येथे त्यांच्या प्रयत्नाने स्त्रियांचे स्वतंत्र रुग्णालय उघडले.

या प्रकरणाचे मूल्यमापन हा इतिहासकारांतील वादाचा विषय आहे. सील हॅरिस यांनी १९५० साली लिहिलेले चरित्र गौरवपर आहे. १९७० नंतर जी. जे. बार्कर-बेनफील्ड यांच्यापासून हॅरिएट वॉशिंग्टन यांच्यापर्यंत अनेकांनी सिम्स यांच्यावर कठोर टीका केली. संमती नाकारण्याचा अधिकारच जिला नाही तिची संमती अर्थहीन होय, हा त्या टीकेचा गाभा. उलट पक्षी, स्वतः नाडीव्रणाचे शस्त्रवैद्य असलेले लुईस वॉल यांनी २००६ साली असे प्रतिपादन केले की या स्त्रियांची अवस्था दुःसह होती आणि त्यांना उपचार हवे होते, हा विचार दृष्टिआड करता येत नाही. ईथरचे जाहीर प्रात्यक्षिक बॉस्टन येथे ऑक्टोबर १८४६ मध्ये झाले, म्हणजे सिम्स यांच्या प्रयोगांना आरंभ झाल्यानंतर, असेही त्यांनी निदर्शनास आणले. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे. स्त्रिया शस्त्रक्रियेस राजी होत्या, किंबहुना उत्सुक होत्या, हे सांगणारा एकमेव साक्षीदार सिम्स हेच आहेत. आणि त्या राजी नव्हत्या असे सांगणारा कोणताही साक्षीदार नाही. गुलामीने केवळ संमतीच अशक्य केली असे नव्हे. संमतीचा पुरावाही अशक्य केला. इतिहासकाराच्या दृष्टीने हा दुसरा अपाय पहिल्याहून कमी गंभीर नाही.

तथापि सिम्स यांच्याच लेखनातून एक वस्तुस्थिती निसटत्या उल्लेखाने हाती येते. वारंवार अपयश आल्यावर स्थानिक वैद्यांनी त्यांना साहाय्य करणे सोडले. तेव्हा या स्त्रियांनीच एकमेकींवरील शस्त्रक्रियांत मदतनिसाचे काम केले आणि त्या त्यात निपुण झाल्या. म्हणजे आधुनिक स्त्रीरोगशस्त्राची पहिली शिक्षित सहायक मंडळी रुग्णांचीच होती. १८५२ च्या निबंधाने तंत्राची माहिती जगाला दिली. या हातांची दिली नाही. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील सिम्स यांचा पुतळा एप्रिल २०१८ मध्ये हलविण्यात आला. २०२१ साली मंटगमेरीत या तीन स्त्रियांचे स्मारक शिल्पकार मिशेल ब्राउडर यांनी उभारले. अनार्का यांचे आयुष्य कागदपत्रांतून शोधण्याचा प्रयत्न करणारा जे. सी. हॉलमन यांचा ग्रंथ २०२३ साली प्रसिद्ध झाला. साक्ष नष्ट झाल्यावर ती पुन्हा जुळविण्यास किती खटपट करावी लागते, याचे हे उदाहरण होय.

४

छिद्र मिटविण्याची विद्या सिद्ध झाल्यावर एक नवीनच अडचण समोर आली. ज्यांच्या मूत्राशयाला कोणतीही इजा दिसत नाही, अशा कितीतरी स्त्रियांना खोकताना, शिंकताना, ओझे उचलताना मूत्र आवरत नाही, ते का? जॉन्स हॉपकिन्सचे हॉवर्ड केली यांनी विल्यम डम यांच्यासह १९१४ साली या विषयावर जो निबंध लिहिला त्याच्या शीर्षकातच मूत्राशयाला उघड इजा नसताना होणारा मूत्रस्राव असा उल्लेख आहे. हे शीर्षक ज्ञानाच्या दुसऱ्या टप्प्याची नांदी होय. केली यांचा उपाय मूत्राशयाच्या मुखाजवळील सैल ऊतींना टाके घालून ते आवळण्याचा होता. लंडनचे व्हिक्टर बॉनी यांनी १९२३ साली मूत्रमार्गाच्या आधाराचा विचार पुढे नेला. १९४९ साली मार्शल, मार्केटी व क्रँट्झ यांनी आणि १९६१ साली जॉन बर्च यांनी मूत्राशयाची मान वर उचलून बांधण्याच्या शस्त्रक्रिया मांडल्या. या सर्वांचा रोख एकच : द्वार सैल झाले आहे, ते शस्त्राने पूर्वस्थितीत आणावे.

तिसऱ्या टप्प्याचा आरंभ शस्त्रक्रियागृहाच्या बाहेर झाला. मार्गारेट मॉरिस या मुळात नृत्यशिक्षिका. पुढे त्यांनी व्यायामोपचाराचे रीतसर शिक्षण घेतले आणि १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रसूतिपर व्यायामांवरील पुस्तकात श्रोणितलाचे स्नायू आकुंचित व शिथिल करण्याचा अभ्यास सांगितला. हा अभ्यास वैद्यकशास्त्रात मान्यता पावला तो मात्र लॉस एंजेलिसचे स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगेल यांच्या १९४८ च्या निबंधानंतर, आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. केगेल यांनी क्रमशः वाढत्या प्रतिरोधाच्या व्यायामाची परिभाषा वापरली. ती टॉमस डिलॉर्म यांनी १९४५ साली सैनिकांच्या दुर्बल स्नायूंसाठी मांडलेल्या पद्धतीशी जुळणारी होती. रणांगणावरून परतलेल्या सैनिकाच्या मांडीला जे लागू, ते प्रसूतीतून उठलेल्या मातेच्या श्रोणितलाला लागू का नसावे, हा त्यामागील साधा परंतु पूर्वी कोणी गंभीरपणे न विचारलेला प्रश्न होता.

केगेल यांचे निरीक्षण असे की अनेक स्त्रियांना हा स्नायू आपल्याला आहे याचीच जाणीव नसते. आकुंचन करण्यास सांगितले असता त्या पोटाचे किंवा मांडीचे स्नायू ताणतात. म्हणून त्यांनी दाब मोजून तबकडीवर दाखविणारे एक उपकरण तयार केले. स्नायूने केलेला प्रयत्न स्त्रीला स्वतःच्या डोळ्यांनी दिसू लागला. हा अभ्यास दिवसातून तीन वेळा, प्रत्येकी वीस मिनिटे करावयाचा असे. उपकरणाचे महत्त्व त्याच्या अचूकतेत तितके नाही. आजवर मापन वैद्यासाठी होत असे. येथे ते प्रथमच रुग्णेसाठी झाले आणि चिकित्सेतील कर्तेपण तिच्याकडे आले. पुढे व्यायाम जगभर पसरला, उपकरण मात्र बहुतेक ठिकाणी मागे पडले, आणि तोंडी सूचनेवरून केलेला अभ्यास अनेकींच्या बाबतीत चुकीच्याच स्नायूंचा होऊ लागला. केगेल यांनी ज्या अडचणीवर उपाय शोधला होता, तीच पुन्हा उभी राहिली.

व्यायामाने गुण का येतो, याचा उलगडा हळूहळू झाला. श्रोणितलाचे स्नायू पुढील जघनास्थीपासून मागील माकडहाडापर्यंत झोळीसारखे पसरलेले असून मूत्रमार्ग, योनिमार्ग व गुदमार्ग त्यांतून जातात. स्वीडनचे गोरान एनहॉर्निंग यांनी १९६१ साली मूत्राशय व मूत्रमार्ग यांतील दाब एकाच वेळी मोजला आणि दाबांच्या समतोलावर विवेचन आणून ठेवले. १९८४ साली स्नूक्स, स्वॉश व सहकारी यांनी प्रसूतीत केवळ स्नायू नव्हे तर त्यांना चेतना पुरविणाऱ्या नसाही दुखावतात, असे दाखविले. १९९४ साली मिशिगनचे जॉन डिलॅन्सी यांनी झोळीची उपपत्ती मांडली. त्यांनी दिलेल्या दाखल्याप्रमाणे, पाण्याची रबरी नळी कठीण जमिनीवर असेल तर पाय दिल्याबरोबर प्रवाह थांबतो. मऊ चिखलात असेल तर नळी खाली रुतते आणि पाणी वाहतच राहते. खोकल्याच्या वेळी पोटातील दाब म्हणजे तो पाय, आणि श्रोणितल म्हणजे जमीन. अशा रीतीने दोष द्वाराचा नसून भूमीचा असू शकतो, हे स्पष्ट झाले. अर्थात हे विवेचन दाबामुळे होणाऱ्या स्रावाचे आहे. अचानक अनावर वेग येऊन होणारा स्राव हा निराळा प्रकार असून त्यात मूत्राशयाच्या स्वतःच्या आकुंचनाचा भाग असतो. कित्येकींत दोन्ही प्रकार एकत्र आढळतात.

५

श्रोणितलाचा आधार सुटला की केवळ मूत्रस्राव होतो असे नाही. गर्भाशय व त्यासह मूत्राशयाची भित्ती खाली उतरते. मराठी बोलीत याला 'अंग बाहेर येणे' म्हणतात. या दुसऱ्या रूपाच्या चिकित्सेत मुंबईच्या शस्त्रवैद्यांनी स्वतंत्र भर घातली. गोमंतकातील शिरोडा येथे १८९९ साली जन्मलेले विठ्ठल नागेश शिरोडकर हे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्राध्यापक होते. गर्भाशयमुखाला टाका घालून गर्भपात टाळण्याच्या १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या पद्धतीमुळे त्यांचे नाव जगभर झाले. परंतु खाली उतरलेले गर्भाशय पट्टीच्या साहाय्याने त्रिकास्थीला बांधून वर धरण्याची त्यांची शस्त्रक्रियाही तितकीच विचारार्ह आहे. याच हेतूने पोटाच्या स्नायूंवरील आवरणाच्या पट्ट्या वापरण्याची पुरंदरे यांची पद्धत भारतीय पाठ्यपुस्तकांत शिकविली जाते. इंग्लंडमध्ये रूढ झालेल्या शस्त्रक्रियेत गर्भाशयमुखाचा भाग छेदला जाई. मुले होऊन गेलेल्या प्रौढ स्त्रीला ती चालण्यासारखी होती. येथे मात्र कोवळ्या वयात, पुढे मूल हवे असताना, अंग बाहेर आलेल्या स्त्रिया रुग्णालयात येत. ग्रंथातील रुग्णा आणि समोरची रुग्णा यांत अंतर पडले, तेव्हा या वैद्यांनी समोरच्या रुग्णेला प्रमाण मानले. पद्धतीचे नावीन्य त्यातून आले.

जी रुग्णालयापर्यंत येते तिचीच साक्ष अशा रीतीने ऐकली जाते. जी येत नाही तिचे काय? या प्रश्नाचे उत्तर देणारी पाहणी महाराष्ट्रातच झाली. राणी बंग, अभय बंग व सहकारी यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग आढळले. त्याआधी त्यासाठी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. पाहणीचा मुख्य विषय मूत्रस्राव नव्हता, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. तिचे महत्त्व पद्धतीत आहे. रुग्णालयाच्या नोंदवहीत स्त्री दिसत नाही याचा अर्थ तिला व्याधी नाही असा नव्हे. तिला कोणी विचारले नाही असा असू शकतो. मौन हा आरोग्याचा पुरावा नव्हे, ही गोष्ट या पाहणीने आकड्यांनी सिद्ध केली.

६

विचारल्यावर मिळालेले उत्तर कितपत ग्राह्य धरावे, हा त्यापुढचा प्रश्न. मूत्राशय हा भरवशाचा साक्षीदार नव्हे, या आशयाची एक उक्ती मूत्ररोगतज्ज्ञांत १९७० नंतर रूढ झाली. तिच्यात तथ्य आहे. एकच लक्षण वेगवेगळ्या कारणांनी उद्भवते आणि केवळ लक्षणावरून शस्त्र उचलले तर ते अस्थानी पडण्याचा संभव असतो. १९७१ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय मूत्रसंयम संस्थेने परिभाषा निश्चित करताना आरंभी हाच सावध पवित्रा घेतला. तिच्या १९८८ च्या अहवालानुसार अनैच्छिक मूत्रस्राव हा सामाजिक किंवा स्वच्छतेचा प्रश्न झाला पाहिजे आणि तो वस्तुनिष्ठपणे दाखविताही आला पाहिजे, तरच ती व्याधी. २००२ च्या अहवालात मात्र या लक्षणाची व्याख्या बदलली : अनैच्छिक मूत्रस्रावाची कोणतीही तक्रार, एवढेच त्या व्याख्येत उरले. वैद्यासमोर दाखवून देण्याची अट गळाली आणि रुग्णेचा शब्द प्रमाण ठरला. वरवर पाहता हा शब्दयोजनेतील किरकोळ फरक आहे. वस्तुतः तो पुराव्याच्या कायद्यातील बदलासारखा मूलगामी आहे.

याच सुमारास शस्त्रक्रियेच्या क्षेत्रात उलट दिशेने काही घडत होते. १९९६ साली स्वीडनचे उल्फ उल्मस्टेन यांनी मूत्रमार्गाखाली कृत्रिम धाग्याची पट्टी बसविण्याची सुटसुटीत शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. पुष्कळ स्त्रियांना तिने गुण आला. त्या यशाच्या बळावर अंग बाहेर येण्यावर योनिमार्गातून मोठ्या जाळ्या बसविण्याचा प्रघात पडला, आणि त्याला पुरेशा दीर्घकालीन परीक्षणाचा आधार नव्हता. जाळी ऊतींतून बाहेर येणे, सततची वेदना, समागमातील क्लेश अशा तक्रारी येऊ लागल्या. स्त्रियांच्या संघटित मागणीनंतर स्कॉटलंडने २०१४ साली अशा रोपणांच्या स्थगितीची पावले उचलली. २०१८ साली इंग्लंडमध्ये ती थांबविण्यात आली. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने एप्रिल २०१९ मध्ये योनिमार्गातून बसवावयाच्या या जाळ्यांची विक्री बंद करण्याचा आदेश दिला. इंग्लंडमध्ये बॅरोनेस कंबरलेज यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल जुलै २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. स्त्रियांनी वेदना सांगितल्या तेव्हा त्या फेटाळल्या गेल्या, हा त्यातील एक प्रमुख निष्कर्ष. म्हणजे व्याधी आहे हे सांगताना जिचा शब्द ग्राह्य ठरला होता, उपचाराने अपाय झाला हे सांगताना तिचाच शब्द अग्राह्य ठरला. सुश्रुताने शस्त्रवैद्याला दिलेली सूचना येथे पुन्हा आठवते.

याउलट व्यायामोपचाराचे मूल्य रुग्णेच्या साक्षीवर तपासले गेले. कॉक्रेन संस्थेच्या २०१८ च्या समीक्षेत दाबजन्य मूत्रस्राव असलेल्या स्त्रियांपैकी श्रोणितलाचा व्यायाम करणाऱ्या सुमारे ५६ टक्के स्त्रियांनी आपण बऱ्या झाल्याचे सांगितले. तुलनेच्या गटात हे प्रमाण सुमारे ६ टक्के होते. परीक्षणे लहान होती, सबब आकड्यांचा अर्थ जपून लावला पाहिजे. तथापि 'बरे होणे' याचा निकष येथे स्त्रीचे स्वतःचे सांगणे हा होता, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे.

नाडीव्रणाचा पहिला अध्यायही अद्याप संपलेला नाही. जेथे अडलेल्या प्रसूतीला वेळेवर शस्त्रक्रिया मिळते, तेथून तो जवळपास नाहीसा झाला. जेथे मिळत नाही, तेथे तो आहेच. ऑस्ट्रेलियन कॅथरीन व न्यूझीलंडमध्ये जन्मलेले रेजिनाल्ड हॅम्लिन हे दांपत्य १९५९ साली इथिओपियात गेले आणि १९७० च्या दशकात त्यांनी आदिस अबाबा येथे केवळ या व्याधीचे रुग्णालय उभारले. तेथे उपचारासाठी आलेल्या मामितू गाशे या निरक्षर ग्रामीण तरुणी बऱ्या झाल्यावर रुग्णालयातच राहिल्या, शस्त्रक्रियेत साहाय्य करू लागल्या आणि अखेर स्वतः नाडीव्रणाच्या निष्णात शस्त्रकर्मी बनल्या. १९८९ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सने रेजिनाल्ड हॅम्लिन यांच्यासह त्यांनाही सुवर्णपदक देऊन गौरविले. मंटगमेरीतील रुग्णसहायिकांनी जे कार्य केले तेच हे कार्य होते. फरक एवढाच की या वेळी ते कोणाच्या हातांनी झाले, याची नोंद झाली.

७

वरील विवेचनावरून एक निष्कर्ष काढता येतो. साक्ष दोन प्रकारची असते. व्याधी होते किंवा नाही, ती किती जाचते, आणि उपचारानंतर ती गेली की नवे दुखणे मागे ठेवून गेली, याविषयीची साक्ष रुग्णेची. तेथे तिच्यावर वरचढ ठरेल असे कोणतेही उपकरण नाही. व्याधी कशामुळे होते याविषयीची साक्ष शरीराची, मापनाची व परीक्षणाची. तेथे केवळ सांगण्यावर विसंबता येत नाही. या व्याधीच्या इतिहासातील प्रगतीचे क्षण हे या दोन साक्षींचे क्षेत्र योग्य रीतीने वाटले गेल्याचे क्षण आहेत : केगेल यांची तबकडी, मुंबईच्या वैद्यांनी ओळखलेली समोरच्या रुग्णेची गरज, २००२ ची व्याख्या. आणि त्यातील दुर्घटना या एकीने दुसरीचे क्षेत्र बळकाविल्याच्या दुर्घटना आहेत. मंटगमेरीत वैद्याने रुग्णेच्या वतीने तिची संमती सांगितली. जाळ्यांच्या प्रकरणात तिच्या वेदनेवरील निकाल तिच्याऐवजी इतरांनी दिला.

इतिहासाच्या अभ्यासकाला यातून साधनविषयक एक कर्तव्य प्राप्त होते. महाराष्ट्रातील सूतिकागृहांच्या नोंदवह्या, सुइणींच्या प्रशिक्षणाची कागदपत्रे, मराठीतील स्त्री-आरोग्यविषयक पुस्तिका आणि अंग बाहेर येण्यासारखे बोलीतील शब्दप्रयोग ही या विषयाची साधने होत. ती वैद्यकाची अडगळ समजून दुर्लक्षिली जाऊ नयेत. ज्या वृद्ध स्त्रियांनी ही व्याधी अर्धे आयुष्य लुगड्याच्या आड झाकून ठेवली, त्यांची तोंडी साक्ष घेण्यास अजून अवसर आहे. तो अवसर फार काळ राहणारा नाही.